रॉकेट उतरलं, पण ट्रॅकर गप्प: समस्या निवारण

रॉकेटमध्ये जीपीएस ट्रॅकर (आपलं स्थान रेडिओने कळवत राहणारं यंत्र) बसवलेला असतो, पॅडवर, म्हणजे रॉकेट सोडायच्या जागी, सिग्नल खणखणीत असतो आणि रॉकेट उतरल्यावर मात्र रिसीव्हरवर काही येत नाही. हौशी रॉकेट उडवणाऱ्यांना पुन्हा पुन्हा छळणारा हा प्रकार मी इतक्यांदा निस्तरला आहे, की त्यातला ठरावीक साचा आता ओळखीचा झालाय. ट्रॅकर स्वतः बिघडलेला फार क्वचित सापडतो. तो तपासलेला असतो टेबलावर, हातात उभा धरून. प्रत्यक्षात त्याला काम करावं लागतं बंद नळीच्या आतून, गवतात आडवं पडून. खालच्या बऱ्याचशा तपासण्या या एका फरकातून आलेल्या आहेत.

आधी लक्षण ओळखा

"सिग्नल गेला" असं सगळेच म्हणतात, पण त्यामागे वेगवेगळे बिघाड असतात. तुमचं लक्षण यांपैकी कोणतं ते आधी ठरवा.

- पॅडवरच फिक्स (उपग्रहांवरून ठरलेलं स्थान) मिळत नाही, किंवा मिळायला फार वेळ लागतो.
- रॉकेट सुटताक्षणी किंवा पॅराशूट बाहेर पडताना पॅकेट (ट्रॅकरचे छोटे रेडिओ संदेश) थांबतात आणि पुन्हा येतच नाहीत. इथे पहिला संशय बॅटरी आणि तिच्या जोडणीवर.
- पॅकेट येत राहतात, पण स्थान पॅडवरचंच दिसतं. रेडिओ ठीक आहे, जीपीएसचा लॉक, म्हणजे उपग्रहांवरची पकड, सुटला आहे.
- पॅराशूटखाली उतरताना सगळं व्यवस्थित असतं आणि जमीन शंभरेक मीटरवर आल्यावर पॅकेट थांबतात. सर्वांत जास्त आढळणारं लक्षण हेच, आणि बहुतेक वेळा यात काहीही बिघडलेलं नसतं.
- स्थान मिळतं, तिथे जाऊन पाहावं तर रॉकेट नसतं.

इंजिन जळत असताना काही सेकंद फिक्स गेला तर घाबरू नका. त्या जोरदार त्वरणात साधा जीपीएस मॉड्यूल उपग्रहांचा माग टिकवू शकत नाही आणि पॅराशूट उघडल्यावर तो सहसा पुन्हा पकडतो. पॅराशूटखाली येतानाही फिक्स परतला नाही, तरच शोध घ्यायचा.

मैदानावर असतानाच करायच्या गोष्टी

*रिसीव्हर बंद करू नका.* बरेच रिसीव्हर शेवटचं पॅकेट फक्त चालू स्मृतीत ठेवतात. "बंद करून पुन्हा चालू करू" म्हणून बटण दाबलं की ते कायमचं जातं. आधी पडद्याचा फोटो काढा, अक्षांश-रेखांश कागदावर लिहा आणि मगच बाकीचं. याला काही खर्च नाही आणि पुढचा सगळा शोध याच आकड्यांवर उभा असतो.

*पॅकेटमधली वेळ पाहा.* ट्रॅकरचा लॉक सुटला तरी अनेक ट्रॅकर शेवटचं माहीत असलेलं स्थान पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. रिसीव्हरवर नवं पॅकेट आल्याची खूण दिसते, आवाज होतो, आणि माणूस त्या शिळ्या स्थानाकडे चालायला लागतो. पॅकेटमध्ये जीपीएसची वेळ, उपग्रहांची संख्या आणि फिक्स वैध आहे की नाही याची खूण असते. वेळ पुढे सरकत नसेल किंवा उपग्रह तीनच्या खाली असतील, तर तो आकडा आत्ताचा नाही. पॅकेटचा क्रमांक असेल तर तोही बघा. क्रमांक मध्येच शून्यावर गेला असेल तर ट्रॅकर हवेत असताना बंद पडून पुन्हा सुरू झाला आहे. हा धागा पुढे बॅटरीच्या तपासणीत लागेल.

*आकडे कोणत्या रूपात आहेत ते बघा.* जीपीएस मॉड्यूल आपल्या मूळ संदेशात अंश आणि मिनिटं जोडून लिहितो. ४५३०.०००० म्हणजे ४५ अंश ३० मिनिटं, अर्थात ४५.५ अंश. कुणी ते ४५.३० अंश समजून नकाशात टाकलं तर चूक ०.२ अंशाची, म्हणजे साधारण २२ किलोमीटरची होते. एवढी मोठी चूक निदान लगेच लक्षात येते. खरी फसगत होते ती मिनिटं कमी असताना. ४५ अंश २ मिनिटं म्हणजे ४५.०३३३, ते ४५.०२ वाचलं तर फरक दीड किलोमीटरच्या आसपास. "वाऱ्याने तिकडे गेलं असेल" असं वाटण्याइतका तो पटण्यासारखा असतो, आणि सगळी टोळी चुकीच्या दिशेला निघते. खात्री करायची सोपी पद्धत: पॅडवरचं स्थान ट्रॅकरवर आणि फोनवर शेजारी शेजारी बघा. दोन्ही जुळले तर रूप बरोबर. दशांश अंशात चौथा अंक अक्षांशावर सुमारे ११ मीटर मोजतो, त्यामुळे किमान पाच दशांश हवेत.

*शेवटच्या पॅकेटवरून पुढचा हिशोब करा.* जमिनीजवळ पॅकेट थांबले असतील तर रॉकेट शेवटच्या स्थानावर नाही, त्याच्या थोडं पुढे आहे. शेवटची तीन-चार पॅकेट घ्या. त्यांवरून उतरण्याचा वेग, वाहण्याचा वेग आणि वाहण्याची दिशा तिन्ही मिळतात. समजा शेवटची उंची जमिनीपासून ९० मीटर होती, रॉकेट सेकंदाला ६ मीटर उतरत होतं आणि ५ मीटर वाहत होतं. मग जमिनीला टेकायला १५ सेकंद आणि त्या वेळात ७५ मीटर पुढे. तिथे जाऊन शोधायला सुरुवात करायची. उंची मोजताना एक लक्षात ठेवा: जीपीएस उंची समुद्रसपाटीपासून सांगतो, म्हणून त्यातून पॅडची उंची वजा करा.

*उंचावर जा.* याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त रॉकेटं मला इथेच सापडली आहेत. रॉकेट हवेत असताना अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डीबीने घटतो (डीबी म्हणजे डेसिबल, सिग्नलची ताकद तोलायचं माप; ६ डीबी म्हणजे चौपट फरक). जमिनीवर पडल्यावर थेट लहर आणि जमिनीवरून परावर्तित होऊन आलेली लहर एकमेकींना मारक ठरतात, आणि तेच अंतर दुप्पट झालं की घट १२ डीबीच्या घरात जाते. शिवाय वाटेत गवत, झुडपं, बांध. म्हणून हवेत कित्येक किलोमीटर पोचणारा ट्रॅकर जमिनीवर पाचशे मीटरवरही ऐकू येत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. हाच नियम उलट बाजूने आपल्या कामी येतो. रिसीव्हरचा अँटेना दीड मीटरवरून तीन मीटरवर नेला तर साधारण ६ डीबी मिळतात, म्हणजे ट्रॅकरची शक्ती चौपट केल्याइतका फायदा. हलक्या काठीला अँटेना बांधून वर धरा, टेकाडावर चढा, आणि प्रत्येक जागी दोन-तीन पॅकेटांचा वेळ थांबा. ट्रॅकर दर दहा सेकंदांनी बोलत असेल तर चालता चालता ऐकून काही कळणार नाही.

*अँटेना फिरवून पाहा.* पॅडवर रॉकेट उभं होतं, आता आडवं आहे. त्याचा अँटेनाही आडवा. तुमचा यागी (एकाच दिशेचं जास्त ऐकणारा अँटेना) किंवा दांडी अँटेना उभाच धरलेला असेल तर या विसंगतीमुळे २० डीबीपर्यंत नुकसान होऊ शकतं. यागी उभा, मग आडवा, असा दोन्ही प्रकारे चहूकडे फिरवा.

*सिग्नल येतो पण फिक्स नाही, अशा वेळी अंगाचा आडोसा वापरा.* रॉकेट नाकावर पडलं किंवा जीपीएसचा अँटेना जमिनीकडे वळला की स्थान मिळत नाही, रेडिओ मात्र चालू असतो. रिसीव्हर छातीशी धरा आणि सावकाश स्वतःभोवती फिरा. सिग्नल सर्वांत क्षीण होतो त्या क्षणी तुमचं शरीर मध्ये आलेलं असतं, म्हणजे रॉकेट पाठीमागे. त्या दिशेला शे-दोनशे पावलं जाऊन पुन्हा करा. दोन वेगळ्या जागांवरून घेतलेल्या दिशा नकाशावर आखल्या की छेदबिंदू मिळतो. अगदी जवळ गेल्यावर सगळीकडूनच सिग्नल जोरात येतो आणि दिशा कळेनाशी होते. तेव्हा रिसीव्हरचा अँटेना काढून ठेवा. ऐकण्याच्या बाजूचा अँटेना काढल्याने बिघाड होत नाही. प्रक्षेपण करणाऱ्या ट्रॅकरचा मात्र कधीही काढू नका. रिसीव्हर उलट उत्तरंही पाठवत असेल, तर तोही प्रक्षेपकच समजा.

पुढच्या उड्डाणाआधी

रॉकेट सापडलं की लगेच ट्रॅकर बंद करू नका. तो चालू आहे का, फिक्स आहे का, बॅटरी किती उरली आहे, अँटेना कुठे दबला आहे, हे जागेवरच बघा आणि लिहून ठेवा. उचलल्यावर अर्धा पुरावा जातो.

*बॅटरी आणि जोडणी.* एका सेलची लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवते, पण बिनभाराचा आकडा पाहून समाधान मानू नका. ट्रॅकर प्रक्षेपण करतो त्या क्षणी प्रवाह उसळतो. जुन्या किंवा गारठलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यापुरता कोसळतो आणि ट्रॅकर पुन्हा सुरू होतो. पॅकेट क्रमांक शून्यावर जाण्याचं हे मुख्य कारण. मीटर लावून प्रक्षेपण चालू असताना मोजा. मग जोडणी: कनेक्टर हलकेच ओढून बघा, तारा सोल्डरच्या मुळाशी हलवून बघा. रॉकेट सुटतानाच्या धक्क्यापेक्षा इजेक्शन चार्ज (पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू) उडाल्यावर दोरी ताणली जाते तो झटका कधी कधी जास्त असतो, आणि तो उलट दिशेने येतो. म्हणून बॅटरी दोन्ही बाजूंनी आवळलेली हवी आणि कनेक्टरला पट्टी किंवा धागा बांधलेला हवा. सरकतं बटण असेल तर ते उड्डाणाच्या दिशेला आडवं बसवा, नाहीतर धक्क्यानेच सरकतं. मी स्क्रू पिळून चालू होणारा स्विच पसंत करतो.

*फिक्ससाठी पुरेसा वेळ.* उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतात. एका उपग्रहाची कक्षा-माहिती दर ३० सेकंदांनी फिरून येते आणि ती सुमारे चार तास उपयोगी असते. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला १२.५ मिनिटं लागतात. ट्रॅकर बरेच दिवस बंद असेल किंवा दूरच्या प्रवासानंतर चालू केला असेल, तर नाकाच्या शंकूत बसवण्याआधी पंधरा मिनिटं मोकळ्या आकाशाखाली ठेवा. रॉकेटमध्ये घातल्यावर पॅडवर पहिल्यांदा चालू करणाऱ्यांचीच फिक्सची तक्रार जास्त असते. सहा-सात उपग्रह स्थिर दिसेपर्यंत बटण दाबायचं नाही, हा माझा नियम.

*दोन्ही टोकांच्या सेटिंग.* वारंवारिता, बँडविड्थ आणि लोरा (कमी शक्तीत दूर पोचणारी रेडिओ पद्धत) असेल तर स्प्रेडिंग फॅक्टर (संदेश किती वेळात पसरून पाठवायचा ते ठरवणारा आकडा) दोन्हीकडे तंतोतंत सारखे हवेत; एकही वेगळा असेल तर पॅकेट दिसतच नाही. स्प्रेडिंग फॅक्टर एकाने वाढवला की साधारण अडीच डीबी मिळतात, पण पॅकेटला लागणारा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. १२ वर नेऊन ठेवलं की एकेका पॅकेटला सेकंदाहून जास्त लागतो आणि उतरतानाची मोलाची स्थानं हातची जातात. मी ९ किंवा १० च्या पुढे जात नाही. त्याच मैदानावर दुसरं कुणी तुमच्याच चॅनलवर आहे का, तेही आधी विचारा.

याच ओघात जीपीएस मॉड्यूलचा चालनमोड बघा. यू-ब्लॉक्स कंपनीच्या प्रचलित मॉड्यूलमध्ये मूळचा "पोर्टेबल" मोड असतो आणि त्यात उभ्या दिशेच्या वेगाची मर्यादा सेकंदाला ५० मीटर आहे. लहानसं रॉकेटही ती सहज ओलांडतं. "एअरबोर्न, ४ जी पेक्षा कमी" (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेलं त्वरण) हा मोड निवडला की ती मर्यादा १०० मीटरवर जाते. काही मॉड्यूल वीज गेली की ही सेटिंग विसरतात, म्हणून ट्रॅकर दर वेळी सुरू होताना ती पाठवतो याची खात्री करा. पॅकेट येतात पण स्थान पॅडवरच गोठतं, या लक्षणावर सगळ्यात आधी हे बघायचं.

*आडव्या रॉकेटची चाचणी.* एवढी एकच तपासणी करणार असाल तर ही करा. इंजिन आणि इजेक्शन चार्ज न घालता रॉकेट पूर्ण जोडा, ट्रॅकर चालू करा आणि ते गवतात आडवं ठेवा. मग रिसीव्हर घेऊन दूर चालत जा. २००, ५०० आणि १००० मीटरवर सिग्नलची पातळी लिहा. रॉकेट नळीभोवती पाव फेरी फिरवून पुन्हा लिहा, कारण उतरल्यावर कोणती बाजू वर येईल ते आपल्या हातात नसतं. टेबलावर मिळालेल्या आकड्यांशी याची तुलना केली की तुमचा ट्रॅकर खरोखर किती अंतराचा आहे ते कळतं. उड्डाणाची उंची आणि त्या दिवसाचा वारा ठरवताना हाच आकडा धरायचा. १००० मीटरवर पॅराशूट उघडलं, उतरण्याचा वेग सेकंदाला ५ मीटर आणि वारा ५ मीटर असेल, तर रॉकेट एक किलोमीटर वाहतं. जमिनीवरची पोच पाचशे मीटर असेल तर पॅडवर उभं राहून ते ऐकू येणार नाही, हे उडवण्याआधीच माहीत असतं.

*अँटेना आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे.* पुठ्ठा, प्लास्टिक आणि फायबरग्लास यांतून रेडिओ लहरी जातात. कार्बन फायबरमधून जात नाहीत. धातूचा अंश असलेला रंगही त्रास देतो. पाव तरंगलांबीचा अँटेना ४३३ मेगाहर्ट्झला सुमारे १७.३ सेंटिमीटर, ८६८ ला ८.६ आणि ९१५ ला ८.२ सेंटिमीटर असतो. ८६८ च्या ट्रॅकरला ४३३ चा अँटेना लावलेला मी पाहिलाय. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तार गुंडाळून किंवा दुमडून कोंबलेली नको, आणि बॅटरी, धातूचे आटेदार रॉड, अल्टिमीटरच्या (उंची मोजून चार्ज उडवणाऱ्या यंत्राच्या) तारा यांना समांतर चिकटलेली तर मुळीच नको. अँटेना वर, बॅटरी खाली, ही मांडणी सर्वांत कमी त्रासाची.

*आतला गोंगाट.* जीपीएसचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि जमिनीवर पोचेपर्यंत −१३० डीबीएमच्या आसपास उरतो. शेजारी छोटा कॅमेरा चालू असला तरी तो त्याखाली दबू शकतो. ट्रॅकर एकटा चालू करून उपग्रहांची सिग्नल-गुणवत्ता बघा, मग एकेक उपकरण चालू करत जा. चांगल्या उपग्रहांची पातळी ४० डीबी-हर्ट्झच्या वर असते. एखादं उपकरण चालू करताच ती पाच-सहाने पडली तर दोषी सापडला. त्याला दूर हलवा. जागा नसेल तर तो कॅमेरा त्या रॉकेटमधून काढा, असंच मी सांगेन. चित्रफीत सुंदर आली आणि रॉकेटच हरवलं, तर ती चित्रफीतही हरवलेल्या कॅमेऱ्यातच असते.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रॉकेट विजेच्या तारांवर अडकलं असेल तर काठी, दोरी, ड्रोन काहीही वापरू नका. वीज कंपनीला कळवा आणि तारांखालून लोकांना दूर ठेवा. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमावलीत विजेच्या तारा, उंच झाडं आणि इतर धोक्याच्या जागांवरून रॉकेट काढायचा प्रयत्नच न करण्याचं कलम आहे. ते शब्दशः पाळा. उंच झाडासाठी दोरखंडावर काम करणारा प्रशिक्षित माणूस लागतो. कुंपणापलीकडे गेलं असेल तर मालकाची परवानगी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

पॅराशूट बाहेर न येताच रॉकेट उतरलं असेल, तर आत न उडालेला इजेक्शन चार्ज असू शकतो. बाजूने जा, नाकासमोर किंवा नळीच्या तोंडासमोर उभे राहू नका, आणि अल्टिमीटर बंद केल्याशिवाय उचलू नका. ते कसं बंद करायचं ते नक्की माहीत नसेल, तर ज्याने ते चालू केलं त्याला किंवा क्लबच्या सुरक्षा अधिकाऱ्याला येऊ द्या. लिपो फुगलेली, दबलेली किंवा गरम असेल तर तिला पुन्हा चार्जिंगला लावू नका, उघडू नका. कोरड्या गवतापासून दूर, उघड्या मातीवर ठेवून लक्ष ठेवा.

रेडिओच्या बाबतीत माझी मर्यादा अशी: अँटेना बदलून, कनेक्टर बदलून आणि नवी बॅटरी लावूनही आडव्या चाचणीत पातळी पूर्वीपेक्षा १० डीबीहून खाली राहिली, तर पुढे हात घालू नका. अँटेनाशिवाय चालू राहिल्याने प्रक्षेपकाचा शेवटचा टप्पा जळाला असण्याची शक्यता मोठी, आणि ते घरच्या मीटरवर दिसत नाही. यू.एफ.एल. प्रकारचे चिमुकले अँटेना कनेक्टर सुमारे ३० वेळा लावण्या-काढण्यापुरतेच बनवलेले असतात. बोर्डावरचा कनेक्टर सैल झाला असेल तर तो बदलणं हे बारीक सोल्डरिंगचं काम आहे. शक्ती वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा मोह टाळा. प्रत्येक देशात त्या पट्ट्यासाठी शक्तीची कायदेशीर मर्यादा असते आणि हौशी रेडिओच्या पट्ट्यात प्रक्षेपण करायला परवाना लागतो. असा बिघडलेला ट्रॅकर परवानाधारक हौशी रेडिओचालकाकडे, ज्याच्याकडे स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर आहे अशाकडे, किंवा थेट बनवणाऱ्याकडे द्या. सोबत आडव्या चाचणीच्या जुन्या आणि नव्या नोंदी, बॅटरीचा भाराखालचा व्होल्टेज आणि वापरलेल्या अँटेनाची लांबी लिहून द्या, म्हणजे त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.